सागरी जिवाणू आणि कार्बोनेट खनिजे : पुराव्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

उथळ उष्ण समुद्रांच्या तळाशी साचणारा पांढरा गाळ आणि त्यापासून कालांतराने घडणारे चुनखडकाचे थर हे मुख्यतः कार्बोनेट खनिजांचे बनलेले असतात. कॅल्साइट, ॲरागोनाइट आणि डोलोमाइट ही त्यांतील प्रमुख तीन खनिजे. शंख, शिंपले, प्रवाळ आणि काही शैवाले आपल्या शरीराचा भाग म्हणून अशी खनिजे घडवितात, याविषयी वाद नाही. गेल्या शतकभरात या यादीत जिवाणूंचेही नाव जोडले गेले. ‘अमुक सागरी जिवाणू चुनखडी तयार करतो’ असे विधान आता सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापनात सहजपणे केले जाते.

हे विधान साधे दिसते. परंतु त्यामागचा पुरावा तेवढा साधा नाही. प्रस्तुत लेखात या विषयावरील समग्र संशोधनाचा आढावा घेण्याचा हेतू नाही. काही महत्त्वाचे निबंध निवडून त्यांत पुरावा किती आणि निष्कर्ष किती, याची तपासणी करणे एवढाच मर्यादित हेतू आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या तपासणीला विशेष महत्त्व आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, सिमेंटच्या भेगा बुजविणाऱ्या जिवाणूंच्या चर्चेत आणि हवामानबदलावरील उपायांच्या प्रचारात हेच विधान वेगवेगळ्या रूपांनी पुढे येत असते.

पाण्यापासून दगड कसा होतो, हा प्रश्न जुना आहे. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘किताब अश्-शिफा’ या ग्रंथातील खनिजांविषयीच्या भागात त्याची चर्चा केली आहे. जैहून नदीच्या काठी लहानपणी पाहिलेली माती सुमारे २३ वर्षांनंतर मऊ दगडासारखी झालेली आढळली, अशी नोंद त्यांनी केली. हे निरीक्षण आजही मोलाचे वाटते. मात्र ठिबकणारे पाणी ठराविक ठिकाणीच का गोठून दगड होते, याचे कारण देताना त्यांना त्या जमिनीतील ‘दगड घडविणाऱ्या शक्ती’चा आधार घ्यावा लागला. त्या काळच्या रसायनज्ञानात याहून अधिक सांगणे शक्य नव्हते. आज ‘जिवाणूंची क्रिया’ हे शब्दही पुष्कळदा त्याच जागी वापरले जातात. प्रक्रिया स्पष्ट करण्याऐवजी तिला केवळ नाव दिले जाते. निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांतील हे अंतर हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

एका वाक्यात दडलेली तीन विधाने

‘जिवाणूंमुळे खनिज तयार झाले’ या वाक्यात वस्तुतः तीन वेगवेगळी विधाने मिसळलेली असतात. पहिले सहअस्तित्वाचे, म्हणजे खनिज आणि जिवाणू एकाच ठिकाणी आढळले. दुसरे परिसरबदलाचे. जिवाणूंच्या चयापचयामुळे भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलले आणि त्यामुळे खनिजाचा अवक्षेप पडला. तिसरे नियंत्रणाचे. जिवाणूने स्फटिकाची जागा, जात आणि आकार स्वतः ठरविला.

हाइन्झ लोवेनस्टॅम यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात सजीवांच्या खनिजनिर्मितीचे दोन प्रकार वेगळे केले. शिंपल्यासारखा प्राणी प्रथिनांच्या साच्यात खनिज घडवितो, ही नियंत्रित निर्मिती. सजीवाच्या क्रियेचा केवळ परिणाम म्हणून बाहेरच्या पाण्यात जे खनिज पडते, ती प्रेरित निर्मिती. बहुसंख्य जिवाणूंची कार्बोनेट निर्मिती या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यांना त्या खनिजाची गरज असतेच असे नाही. उलट काही वेळा पेशीभोवती साचलेले स्फटिक पेशीला गाडून टाकतात. पुढे अभ्यासकांनी यात आणखी एक भर घातली. पेशींनी बाहेर टाकलेले चिकट बहुशर्करायुक्त द्रव्य, मग पेशी जिवंत असोत वा मृत, खनिजाच्या स्फटिकीकरणावर परिणाम करू शकते. अशा निर्मितीला जिवंत जिवाणूची कृती म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

अडचण अशी की संशोधनातील पुरावा बहुधा पहिल्या विधानाचा असतो, स्पष्टीकरण दुसऱ्याचे दिले जाते आणि निष्कर्षाची भाषा तिसऱ्याची होते. पुढील उदाहरणे या कसोटीवर पाहता येतात.

बहामाचा गाळ : ड्रू आणि लिपमन

इंग्लंडमधील जॉर्ज हॅरॉल्ड ड्रू यांनी १९११ आणि १९१२ मध्ये फ्लोरिडाजवळील टोर्टुगास बेटे आणि बहामा बेटांच्या परिसरातील समुद्राचा अभ्यास केला. १९१३ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि त्यांचा मुख्य निबंध वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९१४ मध्ये प्रसिद्ध केला. बहामातील अँड्रॉस बेटाच्या परिसरातील पांढऱ्या गाळात त्यांना नायट्रेटचे विघटन करणारे जिवाणू मोठ्या संख्येने आढळले. हे जिवाणू कृत्रिम माध्यमात वाढविले असता कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप पडला. त्यावरून बहामाचा गाळ प्रामुख्याने जिवाणूंनी घडविला असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. त्या जिवाणूला ‘बॅक्टेरियम कॅल्सिस’ असे नावही दिले गेले. जिवाणूला चुन्याचे नाव मिळाल्यामुळे त्याचे काम चुना घडविण्याचे आहे, असा समज वाचकाच्या मनात पुराव्याआधीच रुजतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, चार्ल्स लिपमन यांनी ड्रू यांच्या सिद्धान्ताची प्रायोगिक चिकित्सा प्रसिद्ध केली. तीही कार्नेगी संस्थेनेच छापली, ही त्या संस्थेच्या दृष्टीने गौरवाची गोष्ट म्हटली पाहिजे. लिपमन यांचा मुख्य आक्षेप प्रयोगाच्या माध्यमावर होता. ड्रू यांच्या माध्यमात समुद्राच्या पाण्याखेरीज सेंद्रिय आम्लाचा कॅल्शियम क्षार आणि नायट्रेट घातलेले होते. असे खाद्य भरपूर मिळाल्यावर जिवाणू सेंद्रिय आम्ल वापरतात, नायट्रेटचे क्षपण करतात, माध्यमाचा सामू वाढतो आणि शिल्लक राहिलेला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसतो. या परिस्थितीत अवक्षेप पडणे हे त्या जिवाणूचे वैशिष्ट्य ठरत नाही. तो माध्यमाचा गुणधर्म ठरतो. समुद्रात मात्र अशी समृद्ध परिस्थिती सर्वत्र नसते.

पुढील संशोधनाने या आक्षेपाला दुजोराच दिला. बोके, बोरोनात आणि रामोस-कोर्मेन्साना यांनी १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये असे दाखविले की योग्य माध्यम मिळाल्यास मातीतील जिवाणूंमध्ये कॅल्साइटचे स्फटिक घडविणे ही सर्वसाधारण बाब आहे. हा निबंध बहुधा जिवाणूंच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून उद्‌धृत होतो. पण त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. जी गोष्ट अनुकूल माध्यमात बहुतेक सर्वच करू शकतात, तिच्यावरून निसर्गात ती कोणी केली याचा निर्णय करता येत नाही.

ड्रू यांच्या प्रयोगातील निरीक्षण चुकीचे नव्हते. जिवाणू होते आणि अवक्षेपही पडला. चूक होती ती प्रयोगशाळेतील शक्यतेवरून समुद्रातील वास्तवाकडे घेतलेल्या उडीत. बहामाच्या गाळासाठी अन्य दावेदारही पुढे आले. हिरव्या शैवालांच्या विघटनातून सुटणाऱ्या ॲरागोनाइटच्या सुयांचा वाटा मोठा असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक अभ्यासकांनी दाखविले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर तेथील मासे आपल्या आतड्यांत कार्बोनेट तयार करून बाहेर टाकतात आणि सूक्ष्म गाळाच्या निर्मितीत त्यांचा वाटा सरासरी सुमारे १४ टक्के असावा, असा अंदाज करण्यात आला. ड्रू यांच्या काळात माशांचा विचार कोणाच्या मनातही आला नसता. ज्याचा शोध घेतला जातो तेच सापडते आणि जे सापडते तेच एकमेव कारण वाटू लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

डोलोमाइटचे कोडे आणि १९९५ चा निबंध

डोलोमाइटच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ देओदा द दोलोमिए यांनी १७९१ मध्ये या खडकाचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावावरून त्याचे नाव पडले. या खनिजात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम समप्रमाणात असतात आणि त्यांचे थर आलटून पालटून रचलेले असतात. प्राचीन खडकांत डोलोमाइट विपुल आहे. आजच्या समुद्रात मात्र ते क्वचितच तयार होताना दिसते. समुद्राचे पाणी डोलोमाइटच्या बाबतीत अतिसंपृक्त असूनही हे खनिज सहजासहजी खाली बसत नाही. लिन लँड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, हजारपट अतिसंपृक्त द्रावण २५ अंश सेल्सिअस तापमानाला ३२ वर्षे ठेवूनही डोलोमाइट मिळाले नाही. अपयशाची इतकी प्रामाणिक आणि दीर्घ नोंद विज्ञानात विरळाच.

ही अडचण मुख्यतः वेगाची आहे. मॅग्नेशियमचा आयन पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो. ते आवरण दूर झाल्याखेरीज त्याला स्फटिकात जागा मिळत नाही. शिवाय दोन धातूंच्या आयनांनी आपापल्या थरात नेमके बसणे आवश्यक असते.

या पार्श्वभूमीवर क्रिसोगोनो व्हास्कॉन्सेलोस, ज्युडिथ मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध क्रांतिकारक ठरला. ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या पूर्वेस लागोआ व्हर्मेल्हा नावाचे अतिखारट किनारी सरोवर आहे. त्याच्या प्राणवायूविरहित काळ्या गाळात डोलोमाइट आढळते. तेथील सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जिवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत कमी तापमानाला डोलोमाइट मिळाल्याचे या अभ्यासकांनी मांडले. हे जिवाणू सल्फेट वापरून टाकतात, बायकार्बोनेट वाढवितात आणि त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम व कॅल्शियम जमा होतात. ज्या अडथळ्यांमुळे डोलोमाइट तयार होत नाही, तेच जिवाणूंनी दूर केले, असा हा युक्तिवाद आहे.

या निबंधाचे बळ असे की त्यात एकाच ठिकाणचा नैसर्गिक गाळ आणि त्याच ठिकाणचे जिवाणू यांची जोडणी आहे. ड्रू यांच्या मांडणीपेक्षा ही मोठी प्रगती होती. तथापि त्यानंतरच्या साहित्यात ‘सल्फेटचे क्षपण म्हणजे कार्बोनेटचा अवक्षेप’ असे जे समीकरण रूढ झाले, ते तितके सरळ नाही. पॅट्रिक माइस्टर यांनी २०१३ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात दाखवून दिले की या क्रियेचे दोन परस्परविरोधी परिणाम होतात. अल्कधर्मिता वाढते हे खरे. पण सुरुवातीच्या टप्प्यात सामू घसरूही शकतो आणि मग कार्बोनेट पडण्याऐवजी विरघळण्याची शक्यता निर्माण होते. जिवाणू कोणते खाद्य वापरतो, यावरही परिणाम अवलंबून असतो, हे अन्य अभ्यासकांनी प्रयोगाने दाखविले. हायड्रोजन किंवा फॉर्मेट वापरले असता सामू वाढण्यास मदत होते. इतर सेंद्रिय द्रव्यांबाबत तसे गृहीत धरता येत नाही. म्हणजे जिवाणूचे नाव सांगणे पुरेसे नाही. त्याने काय वापरले, पाण्याची मूळ स्थिती काय होती आणि तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड कोठे गेला, हे सांगितल्याशिवाय स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचा पुरावा

हा वाद केवळ ब्राझील आणि बहामापुरता नाही. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून अरबी समुद्राच्या तळाचा अभ्यास करीत आली आहे. या संस्थेतील पूर्णचंद्र राव आणि सहकाऱ्यांनी जर्मन सूक्ष्मजीव-भूशास्त्रज्ञ वोल्फगांग क्रुम्बाइन यांच्या सहभागाने २००३ मध्ये ‘सेडिमेंटॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम भारताच्या किनाऱ्यापलीकडील कार्बोनेटच्या सागरी पठारावर, ६४ मीटर खोलीवर मिळालेल्या डोलोमाइटच्या कवचांचा तो अभ्यास होता. ही कवचे प्लाइस्टोसीन युगाच्या उत्तर काळातील आहेत.

या निबंधातील निरीक्षणे काळजीपूर्वक केलेली आहेत. कवचांत सूक्ष्म पापुद्रे आढळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत नळीसारखे तंतू आणि पेशीसदृश रचना दिसल्या. त्या बहुधा नील-हरित जिवाणूंच्या असाव्यात, असे लेखकांनी म्हटले आहे. डोलोमाइटचे स्फटिक या तंतूंवर चढलेले होते आणि खनिजीकरण वाढत गेले तशी तंतूंची ओळख पुसट होत गेली. सोबत पायरोटाइट आणि मार्कासाइट ही लोहाची सल्फाइडे होती. या सर्वांना समस्थानिकांच्या मोजमापाची जोड देऊन अतिखारट आणि प्राणवायूविरहित परिस्थितीत, कुजणाऱ्या जिवाणूंच्या थराच्या सान्निध्यात डोलोमाइट तयार झाले, असा निष्कर्ष काढण्यात आला. हिमयुगाच्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती. त्यामुळे आज ६४ मीटर खोल असलेली जागा त्या काळात उथळ असणे भूशास्त्रीय दृष्ट्या सुसंगत आहे.

वर सांगितलेली तीन विधाने येथे लावून पाहिली तर काय दिसते? सहअस्तित्वाचा पुरावा भक्कम आहे. परिसरबदलाचा पुरावा अप्रत्यक्ष परंतु अनेक बाजूंनी जुळणारा आहे. सल्फाइड खनिजे आणि समस्थानिके एकाच दिशेने बोट दाखवितात. नियंत्रणाचा पुरावा मात्र अशा प्राचीन नमुन्यातून मिळणे जवळजवळ अशक्यच आहे. तंतू नील-हरित जिवाणूंचे आणि रासायनिक बदल सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचा, असे असेल तर स्फटिकांना आधार देणारा सजीव आणि पाणी बदलणारा सजीव वेगवेगळे ठरतात. ‘जिवाणूंनी घडविलेले डोलोमाइट’ या एका संज्ञेत हे दोन्ही लपून जातात. शिवाय इतक्या जुन्या नमुन्यात आज दिसणारे खनिज आरंभीही तेच होते की दुसरे एखादे खनिज कालांतराने डोलोमाइटमध्ये बदलले, हा प्रश्न उरतोच.

या मर्यादा दाखविण्यात निबंधाचे अवमूल्यन नाही. उलट अनेक स्वतंत्र पुरावे एकत्र आणून अनुमान करण्याची ही पद्धत केवळ छायाचित्रावर विसंबणाऱ्या लेखनापेक्षा कितीतरी सरस आहे. आपल्या किनाऱ्याजवळचे, भारतीय संस्थेने केलेले आणि आंतरराष्ट्रीय चर्चेत स्थान मिळविलेले हे काम अध्यापनात उदाहरण म्हणून घेतले जावे. पण ते घेताना त्यातील प्रत्येक पुरावा नेमके काय सिद्ध करतो, हेही सांगितले जावे.

मिळाले ते डोलोमाइटच होते काय?

आतापर्यंत चर्चा कर्त्याची झाली. २०१५ मध्ये जे ग्रेग, डेव्हिड बिश, स्टीफन काझमारेक आणि हान्स माखेल यांनी ‘सेडिमेंटॉलॉजी’मध्ये जो विस्तृत समीक्षालेख लिहिला, त्याने त्याहून मूलभूत शंका उपस्थित केली. प्रयोगशाळेत मिळालेले खनिज डोलोमाइट होते काय, हीच ती शंका.

हा मुद्दा एका साध्या उदाहरणाने समजावता येतो. लाल आणि पांढऱ्या विटा समसमान संख्येने वापरून दोन भिंती बांधल्या. एकीत लाल विटांचा एक थर आणि पांढऱ्यांचा एक थर असा क्रम ठेवला, दुसरीत विटा हाताला येतील तशा लावल्या. विटा मोजून पाहिल्या तर दोन्ही भिंती सारख्याच. रचना मात्र भिन्न. डोलोमाइट ही पहिली भिंत आहे. दुसऱ्या प्रकारच्या पदार्थाला अतिमॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट म्हणणे योग्य. या दोहोंतला फरक क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखातील काही विशिष्ट शिखरांवरून ओळखता येतो. थरांचा क्रम असेल तरच ती शिखरे उमटतात. ग्रेग आणि सहकाऱ्यांचा आक्षेप असा की कमी तापमानाला जिवाणूंच्या मदतीने डोलोमाइट मिळाल्याचे सांगणाऱ्या अनेक निबंधांत या शिखरांचा खात्रीलायक पुरावा नाही. केवळ रासायनिक प्रमाणावरून किंवा शिखरांच्या सरकलेल्या स्थानावरून नाव ठरविले गेले.

याच सुमारास कर्त्याविषयीचा प्रश्नही नव्याने पुढे आला. जेनिफर रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे मांडले की कार्बॉक्सिल गट असलेल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवरही कमी तापमानाला डोलोमाइट मिळू शकते. त्यांचा निष्कर्ष ग्राह्य मानला तर जिवाणूचे जिवंत असणे नव्हे, तर त्याच्या पृष्ठभागाचे रसायन निर्णायक ठरते. खनिजाच्या ओळखीबद्दलचा वरील आक्षेप मात्र या प्रयोगालाही विचारावा लागतो. चिकित्सेचा निकष आपल्याला सोयीच्या आणि गैरसोयीच्या अशा दोन्ही निष्कर्षांना सारखाच लावला पाहिजे.

२०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चर्चेला वेगळे वळण दिले. मिशिगन विद्यापीठातील जूनसू किम व वेनहाओ सन आणि होक्काइदो विद्यापीठातील युकी किमुरा आदींनी असे सुचविले की डोलोमाइट वाढताना चुकीच्या जागी बसलेले आयन वाढ अडवितात. द्रावण अधूनमधून असंपृक्त झाले तर हेच अव्यवस्थित भाग आधी विरघळतात आणि पुढची वाढ मोकळी होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात, इलेक्ट्रॉनांच्या झोताचे सुमारे ४,००० स्पंद दोन तासांत देऊन त्यांनी आधीच असलेल्या डोलोमाइटच्या स्फटिकावर सुमारे ३०० थर वाढविले. येथे जिवाणू नाहीत. तथापि स्फटिक आधीच उपस्थित होता, हेही विसरता कामा नये. पहिला अंकुर कसा निर्माण होतो आणि अंकुर वाढतो कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याने पहिल्यातील जिवाणूंचे स्थान आपोआप नाहीसे होत नाही. भरती-ओहोटी, पाऊस आणि बाष्पीभवन यांच्याप्रमाणे जिवाणूंच्या थरातील दिवस-रात्रीच्या चयापचयानेही पाण्याची संपृक्तता वरखाली होऊ शकते. म्हणजे जिवाणूंची भूमिका असली तरी ती पूर्वी कल्पिली गेली त्यापेक्षा निराळी असण्याची शक्यता आहे.

उपयोजनाचे दावे आणि कार्बनचा हिशेब

या शास्त्रीय वादाचे व्यावहारिक परिणामही आहेत. जिवाणू हवेतील कार्बन डायऑक्साइडचा दगड करतात, म्हणून ते हवामानबदलावरील उपाय ठरतील, असे म्हटले जाते. येथे रसायनशास्त्राचा प्राथमिक हिशेब मांडला पाहिजे. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते, तेव्हा पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणूही मोकळा होतो. समुद्राच्या पाण्याच्या सामू-रोधक गुणधर्मामुळे त्यातील सर्व वायू हवेत जात नाही. तरीही कार्बोनेटच्या प्रत्येक मोलमागे सुमारे ०.६ मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो, असे गणित मांडले जाते. म्हणजे अल्कधर्मिता बाहेरून वाढविली नाही, तर समुद्रातील अवक्षेप हा अल्पकाळात वायू शोषणारा नव्हे, तर सोडणारा व्यवहार आहे.

युरियाचे विघटन करणाऱ्या जिवाणूंबाबतही हीच दक्षता हवी. वाळू घट्ट करणे किंवा बांधकामाच्या भेगा बुजविणे यांसाठी हे तंत्र उपयुक्त ठरते. पण त्यात कार्बोनेटमधील कार्बन हवेतून येत नाही. तो युरियातून येतो आणि युरिया प्रामुख्याने खनिज इंधनावर चालणाऱ्या कारखान्यांत तयार होतो. शिवाय अमोनियम हा उपपदार्थ शिल्लक राहतो आणि तो पाण्यात मिसळल्यास प्रदूषण करतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी युरियाऐवजी सेंद्रिय कॅल्शियम क्षार वापरणारी पद्धत विकसित केली, ती या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तंत्र उपयोगी असणे आणि ते कार्बन घटविणारे असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. प्रकल्प-अहवालात त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

अध्यापनासाठी काही सूचना

वरील चिकित्सेचा उपयोग महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही करता येतो. जिवाणूंच्या साहाय्याने कार्बोनेट मिळविण्याचा प्रयोग बहुधा एकाच चंबूत केला जातो आणि अवक्षेप दिसताच यशस्वी मानला जातो. त्याऐवजी पाच चंबू ठेवावेत. पहिल्यात जिवंत जिवाणू. दुसऱ्यात उष्णतेने मारलेल्या पेशी. तिसऱ्यात केवळ निर्जंतुक माध्यम. चौथ्यात निर्जंतुक माध्यमाचा सामू रासायनिक मार्गाने पहिल्याइतका वाढविलेला. आणि पाचव्यात समृद्ध माध्यमाऐवजी साध्या समुद्राच्या पाण्यातील जिवंत जिवाणू. चौथ्या चंबूतही पहिल्यासारखाच अवक्षेप पडला तर जिवाणूने केवळ सामू वाढविला, एवढेच सिद्ध होते. पाचव्यात काहीच पडले नाही तर लिपमन यांचा आक्षेप विद्यार्थ्यांना पुस्तकाविना समजतो.

खनिजाच्या ओळखीसाठी क्ष-किरण यंत्र प्रत्येक महाविद्यालयात असणार नाही. प्राथमिक पातळीवर थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात कॅल्साइट जोरात फसफसते आणि डोलोमाइट अगदी मंद, एवढी चाचणी करता येते. आम्लयुक्त ॲलिझारिन रेड एस या रंगद्रव्याने कॅल्साइट लाल होते, डोलोमाइटला रंग चढत नाही. मात्र या चाचण्यांवरून थरांचा क्रम कळत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. अहवालात ‘डोलोमाइट’ असा शब्द लिहिण्याआधी जवळच्या विद्यापीठातून विवर्तनाचा आलेख मिळवावा; तो मिळाला नाही तर ‘मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट’ एवढेच लिहावे. नाव कमी वजनाचे असले तरी ते खरे असेल.

समारोप

सागरी जिवाणू आणि कार्बोनेट खनिजे यांचा संबंध आहे, यात शंका नाही. लागोआ व्हर्मेल्हाचा काळा गाळ आणि अरबी समुद्राच्या तळावरील कवचे यांची साक्ष सहज बाजूला सारता येणारी नाही. प्रश्न संबंधाच्या स्वरूपाचा आहे. ड्रू यांच्यापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा दिसते ते असे की सोबत आढळलेल्या सजीवाला कर्ता मानण्याचा मोह अभ्यासकांना आवरत नाही. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या ‘एएलएच ८४००१’ या मंगळावरील अशनीतील कार्बोनेटच्या गोळ्यांवरून १९९६ मध्ये परग्रहावरील जीवसृष्टीचे जे अनुमान करण्यात आले, त्यातही आकारसादृश्याचा आधार होता. पुढे त्या प्रत्येक खुणेला निर्जीव प्रक्रियेचे पर्यायी स्पष्टीकरण सुचविले गेले. पृथ्वीवरील प्राचीन जीवनाचा शोधही बऱ्याच अंशी अशाच खडकांवर अवलंबून आहे. म्हणून येथे झालेली शिथिलता फार दूरवर पोहोचते.

तेव्हा अशा प्रत्येक दाव्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. खनिज नेमके कोणते आहे आणि ते कशावरून ठरविले? जिवाणूविना तीच रासायनिक स्थिती निर्माण केली असता काय घडले? आणि प्रयोगातील स्थिती निसर्गात त्या ठिकाणी खरोखर असते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या निबंधात मिळतात, तो निबंध वर्गात विश्वासाने शिकवावा. ज्यात एकाचेच मिळते, तोही शिकवावा. मात्र उरलेले दोन प्रश्न फळ्यावर तसेच लिहून ठेवावेत.